कासव, लाळ आणि आयपी३ : पेशीतला निरोप पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी

मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबर महिना, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, आणि मोठेबाबा सकाळपासून पाठीवर फवारा घेऊन वावरात. संध्याकाळी धुऱ्यावर येऊन बसले ते उठेचनात. तोंडातून लाळ गळत होती, पुसली की पुन्हा. सदरा घामानं ओलाचिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दवाखान्यात रात्रभर अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं चालली होती. डॉक्टर छाती ऐकायचे, आणि सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन त्यांचं तोंड उघडून पाहायची. माय वैतागली. "तोंड वायलं का, तोंड वायलं का, हेच पायते थे. पाणी काहून नाही देत?"

मोठेबाबा वाचले. सगळेच वाचत नाहीत. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले.

पुढं एम.एस्सी.ला एका तासाला फळ्यावर एक आकृती आली: वर रिसेप्टर (निरोप पकडणारं प्रथिन), खाली बाण, बाणाखाली आयपी३ (इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट, पेशीच्या आत निरोप नेणारा छोटा रेणू), त्याखाली कॅल्शियम. सरांनी ती दहा मिनिटांत काढली आणि पुसली. मी पाठ केली, पेपरात काढली, मार्क पडले. पण कळलं काहीच नव्हतं. सेटच्या अभ्यासाला बसले तेव्हा ध्यानात आलं की त्या रात्री सिस्टर मोठेबाबांच्या तोंडात जे पाहत होती, ते ह्याच आकृतीचं शेवटचं टोक होतं. अ‍ॅट्रोपिन त्या आकृतीचा पहिला बाण अडवत होतं.

आता तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. बी.एस्सी.पर्यंत मराठीत विचार करणारी आणि एम.एस्सी.ला एकदम इंग्रजी पुस्तकापुढं बसलेली पोरं दरवर्षी त्याच चार-पाच ठिकाणी अडखळतात, जिथं मी अडखळले होते. हा लेख त्यांच्यासाठी.

काय काय जमवायचं

- एक वाटी हरभरे आणि एक वाटी हिरवे वाटाणे, दोन्ही रात्रभर भिजवलेले
- खराट्याच्या काड्या, बोटभर लांबीच्या तोडलेल्या. टूथपिक असतील तर उत्तमच
- आडवी धरता येईल अशी कोरी वही. रेघांच्या वहीत ही आकृती नेहमी उभी आणि अरुंद होते, आणि मग बाण एकमेकांवर चढतात
- तुमच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर. सेट-नेट देणार असाल तर लाइफ सायन्सेसच्या अभ्यासक्रमातलं पेशी-संदेशवहनाचं चौथं युनिट छापून भिंतीला लावा
- मोबाइल, प्रोटीन डेटा बँकेतल्या रचना फिरवून बघायला. पैसे लागत नाहीत, फक्त रेंज लागते. आमच्याकडं त्यासाठी गच्चीवर जावं लागतं

१. आधी कासव करा

इनॉसिटॉल म्हणजे सहा कार्बनची एक कडी, आणि प्रत्येक कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट. रेणुसूत्र ग्लुकोजचंच, पण ग्लुकोजच्या कडीत ऑक्सिजन असतो आणि ह्याच्या कडीत सगळे कार्बनच. सहा हायड्रॉक्सिल वर-खाली कसे बसतात त्यावरून याची नऊ रूपं होतात. आपल्या पेशीत मुख्य चलन आहे ते मायो-इनॉसिटॉलचं. त्यात पाच हायड्रॉक्सिल कडीच्या बाजूंना पसरलेले आणि एकच वर उभा.

पाच पसरलेले, एक उभा. चार पाय, शेपटी आणि वर काढलेलं डोकं: हे कासव झालं. ही कल्पना माझी नव्हे, बर्नार्ड अ‍ॅग्रॅनॉफ या शास्त्रज्ञाची, आणि जगभर ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. सहा हरभऱ्यांची कडी करा, पाच काड्या बाजूंना खुपसा, सहावी वर.

आता आकडे. कासवाचं तोंड तुमच्यापासून पलीकडं करा, म्हणजे त्याचा उजवा तो तुमचाही उजवा. पुढचा उजवा पाय १. तिथून घड्याळाच्या उलट दिशेनं: डोकं २, पुढचा डावा पाय ३, मागचा डावा ४, शेपटी ५, मागचा उजवा ६.

इथं पहिला खड्डा आहे. बरीच पोरं डोक्याला १ धरतात, कारण डोकं पहिलं असणार असं वाटतं. तसं धरलंत की पुढचं सगळं एक घर सरकतं, आणि ते कुठं सरकलं हे परीक्षेत सापडत नाही. मी तीन दिवस ह्यात घालवले आहेत. हरभऱ्याचं कासव समोर ठेवून आकडे मोठ्यानं म्हणा. शेजारचे हसले तर हसू द्या.

२. फॉस्फेट मोजायला शिका

फॉस्फेट हा शब्द जड वाटत असेल तर खताच्या पोत्यावरचा 'स्फुरद' आठवा. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेलं असतं, त्यातला ४६ चा आकडा स्फुरदाचा. त्याच घराण्यातला हा गट. आपले हिरवे वाटाणे म्हणजे फॉस्फेट. ज्या पायावर वाटाणा खोवला त्या पायावर फॉस्फेट बसला. एवढंच व्याकरण आहे.

आयपी३ म्हणजे तीन वाटाणे: १, ४ आणि ५ वर. पुढचा उजवा पाय, मागचा डावा पाय, शेपटी.

आता खरा घोळ. पेशीपटलाच्या आतल्या थरात एक मेद असतो, त्याचं नाव पीआयपी२. त्याला कापलं की आयपी३ मिळतो. वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, दोनाचे तीन झाले कसे? तिसरा फॉस्फेट आला कुठून?"

कुठूनच आला नाही, तो आधीपासून होता. मूळ मेदाचं नाव पीआय, म्हणजे फॉस्फॅटिडिल-इनॉसिटॉल. यात कासव आपल्या पुढच्या उजव्या पायानं मेदाला बांधलेलं असतं, आणि तो दोर म्हणजेच एक फॉस्फेट. हा फॉस्फेट नावातल्या 'फॉस्फॅटिडिल'मध्ये मोजून झालेला असतो. पुढं एका कायनेजनं ४ वर आणि दुसऱ्यानं ५ वर एकेक फॉस्फेट लावला की नावाला पी२ जोडतात, कारण हे दोन नंतरचे. कापताना पीएलसी, म्हणजे फॉस्फोलायपेज सी, हे एन्झाइम सुरी ग्लिसरॉल आणि दोर यांच्यामध्ये चालवतं. दोर कासवाच्याच पायाला राहतो. म्हणून बाहेर पडणाऱ्या कासवावर तीन. फॉस्फोलायपेज डी मात्र दोराच्या दुसऱ्या बाजूला कापतं आणि फॉस्फेट मेदाकडं ठेवतं. हा फरक एक मार्काच्या प्रश्नात हमखास येतो.

ह्याच जातीचा दुसरा घोळ पीआयपी३. नाव आयपी३ सारखं, वस्तू वेगळी. पीआय-३-कायनेज पीआयपी२ च्या पुढच्या डाव्या पायावर, म्हणजे ३ वर, आणखी एक फॉस्फेट लावतं तेव्हा पीआयपी३ होतो. त्याचे वाटाणे मोजा, दोरासकट चार भरतात. तो पटल सोडून कुठं जात नाही; तिथंच राहून एकेटीसारख्या प्रथिनांना पटलाशी बोलावतो. इन्सुलिनचा निरोप मुख्यतः ह्या वाटेनं जातो. पीटेन हे एन्झाइम तो ३ वरचा फॉस्फेट काढून टाकतं, आणि अनेक कर्करोगांत पीटेनच बिघडलेलं सापडतं. 'इन्सुलिन आयपी३ तयार करतं' असं लिहून आलेले पेपर मी दरवर्षी तपासते.

आणि तिसरा घोळ, थोडा पुढचा: आयपी३ एकच नाही. १,४,५ वाला आणि १,३,४ वाला असे दोन आयपी३ पेशीत सापडतात. दार उघडतो तो १,४,५. दुसरा कुठून येतो ते पाचव्या पायरीत बघू. म्हणून नुसतं 'आयपी३' लिहू नका, पहिल्यांदा लिहिताना आकडे घाला. परीक्षकाला कळतं की ह्या पोरानं वाटाणे मोजले आहेत.

३. निरोपाच्या वाटेनं एकदा चालत जा

लाळग्रंथीची एक पेशी घ्या. चेतातंतू तिच्याजवळ अ‍ॅसिटिलकोलिन सोडतो. पेशीच्या पटलावर त्याचा एम३ रिसेप्टर आहे, अ‍ॅसिटिलकोलिन त्यावर बसतं. रिसेप्टर आतल्या बाजूला जी-क्यू प्रथिनाला जागं करतो, जी-क्यू जाऊन पीएलसी-बीटाला चेतवतं. पीएलसी पीआयपी२ कापतं. दोन तुकडे होतात: आयपी३ पाण्यात विरघळणारा, तो पेशीद्रवात निघून जातो, डायअ‍ॅसिलग्लिसरॉल, म्हणजे डॅग, तेलकट, तो पटलातच राहतो आणि प्रोटीन कायनेज-सी ला कामाला लावतो.

आयपी३ पोहत आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम) पोचतो. तिच्या भिंतीत आयपी३ रिसेप्टर नावाचं अवाढव्य दार आहे: चार सारखी प्रथिनं एकत्र, प्रत्येकात सुमारे २,७०० अमिनो आम्लं. चारही भागांवर आयपी३ बसला तर दार उघडतं. आत साठवलेलं कॅल्शियम बाहेर, पेशीद्रवात येतं.

रिसेप्टर दोन आहेत हे लक्षात ठेवा. पहिला पटलावर, अ‍ॅसिटिलकोलिनचा. दुसरा आत, आयपी३ चा. दोघांनाही 'रिसेप्टर'च म्हणतात, म्हणून उत्तरात कुठला ते स्पष्ट लिहा. पहिला दार नाही, तो घंटी वाजवतो. दुसरा स्वतःच दार आहे.

लाळग्रंथीत पुढं काय होतं ते पुस्तकात सहसा एका ओळीत संपवतात, पण मला तिथंच सगळं उमगलं. कॅल्शियम वाढलं की पेशीच्या नळीकडच्या बाजूची क्लोराइडची दारं उघडतात. क्लोराइड बाहेर जातं, त्याच्यामागं सोडियम, आणि मिठामागं पाणी. ते पाणी म्हणजे लाळ. मोठेबाबांच्या सदऱ्यावर जी गळत होती ती.

कारण ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक अ‍ॅसिटिलकोलिनला हात लावत नाही. ते अ‍ॅसिटिलकोलिनला मोडणारं एन्झाइम, कोलिनएस्टरेज, बंद पाडतं. मग अ‍ॅसिटिलकोलिन साचतं, घंटी वाजतच राहते, आणि लाळ, घाम, श्वासनळीतला कफ वाहत राहतो, बाहुल्या आवळल्या जातात. अ‍ॅट्रोपिन एम३ रिसेप्टरवर जाऊन बसतं; साचलेलं अ‍ॅसिटिलकोलिन तसंच, पण घंटीचं बटण झाकलेलं. छाती मोकळी होते, तोंड वाळतं. सिस्टर ते पाहत होती.

जरा विषयांतर, पण हे सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही. फवारणी करताना कुणाला असं झालं तर आधी त्याचे कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, थेट दवाखान्यात न्या आणि औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत घ्या. डॉक्टरला विष कोणतं ते कळलं पाहिजे. आपल्याकडं लोक बाटली धुऱ्यावरच टाकून येतात.

४. कॅल्शियमचे आकडे डोळ्यांपुढं आणा

ही पायरी छोटी आहे, पण इथं आकडे लिहिले नाहीत तर उत्तर पोकळ वाटतं. आरामात असलेल्या पेशीच्या पेशीद्रवात कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर. पेशीच्या बाहेर १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. काठोकाठ भरलेलं धरण आणि खाली कोरडा कालवा. फाटक जराही उघडलं तरी कालव्याला लगेच कळतं. सर्का नावाचा पंप एटीपी जाळून कॅल्शियम पुन्हा जालिकेत भरत असतो, म्हणून हा कोरडेपणा टिकतो.

गंमत अशी की दाराला स्वतः कॅल्शियमही लागतं. थोडं कॅल्शियम असेल तर ते दार उघडायला मदत करतं, जास्त झालं तर तेच बंद करतं. त्यामुळं कॅल्शियम एकदा चढून बसत नाही, लाटांसारखं वर-खाली होतं, आणि लाटा किती वेगानं येतात यातही निरोप असतो. शुक्राणू अंड्याला मिळतो तेव्हा तो आपलं वेगळं पीएलसी, पीएलसी-झीटा, सोबत नेतो. त्यानं अंड्यात अशाच लाटा सुरू होतात, आणि अंडं जागं होतं.

जालिकेतला साठा संपला तर? स्टिम१ हे प्रथिन जालिकेतली पातळी मोजतं आणि पटलातल्या ओराय१ दाराला बाहेरून कॅल्शियम आत घ्यायला लावतं. हे २००५-०६ च्या सुमारास उलगडलं. जुन्या नोट्समध्ये सापडणार नाही, आणि गावाकडच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्स जुन्याच असतात.

५. निरोप पुसला कसा जातो ते बघा

बहुतेक जण कॅल्शियम बाहेर आलं की पेन ठेवतात. पण जो निरोप पुसला जात नाही तो मोठेबाबांसारखी अवस्था करतो, हे विसरू नका.

आयपी३ संपवायच्या दोन वाटा. वाटाणे घेऊन करून बघा.

पहिली: ५-फॉस्फटेज शेपटीवरचा वाटाणा काढतं. उरले १ आणि ४. दार आता ओळखत नाही.

दुसरी: ३-कायनेज पुढच्या डाव्या पायावर एक वाटाणा लावतं. झाला १,३,४,५ आयपी४. मग तेच ५-फॉस्फटेज शेपटीचा वाटाणा काढतं, आणि उरतो १,३,४. हाच तो दुसरा आयपी३, ज्याचा वर उल्लेख केला होता. तीन वाटाणे आहेत, पण चुकीच्या पायांवर. किल्लीला तीन दात असून उपयोग नाही, दात जागेवर हवेत.

पुढं एकेक वाटाणा काढत शेवटी एक उरतो, आणि तो काढतं इनॉसिटॉल मोनोफॉस्फटेज. पेशीत नव्यानं तयार होणारं इनॉसिटॉलही, ग्लुकोज-६-फॉस्फेटपासून, ह्याच दारातून बाहेर पडतं. म्हणजे जुनं असो, नवं असो, शेवटचं फाटक एकच.

लिथियम हे फाटक अडवतं. मानसोपचारतज्ज्ञ जॉन केडनं १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांना लिथियम देऊन बघितलं, तेव्हा ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. लिथियमची अडवणूक अनकॉम्पिटिटिव्ह प्रकारची आहे: एन्झाइमवर आधी सब्स्ट्रेट (ज्या रेणूवर ते काम करतं तो) येऊन बसलेला असेल तरच लिथियम बसतं. त्यामुळं ज्या पेशीत निरोपांची गर्दी जास्त, तिथंच अडवणूक जास्त. मेंदूला रक्तातलं इनॉसिटॉल सहज मिळत नाही, त्याला परत वापरावंच लागतं. म्हणून तिथं तुटवडा पडून अति चेतलेली वाट मंदावते, असा हा विचार आहे. मानसोपचारात लिथियम नेमकं ह्याच वाटेनं काम करतं की जीएसके-३ ह्या दुसऱ्या एन्झाइमला अडवून, हा वाद अजून मिटलेला नाही. उत्तरात दोन्ही लिहा.

६. सहाही पाय भरा, मग हातातला हरभरा बघा

कासवाच्या सहाही टोकांवर वाटाणे लावा. सगळ्यात शेवटी डोक्यावर लावा, पेशीतही डोक्यावरचा, २ वरचा, फॉस्फेट शेवटच्या पायरीला लागतो. झाला आयपी६. त्याचं जुनं नाव फायटिक आम्ल, आणि तुम्ही कडी ज्याची केली त्या हरभऱ्यातही तो भरलेला आहे.

बीमध्ये जेवढा स्फुरद असतो त्यातला मोठा वाटा ह्याच रूपात असतो. सोयाबीनच्या दाण्यात वजनाच्या साधारण १ ते २ टक्के. पोटॅशियम, मॅग्नेशियम ह्यांच्याशी बांधलेल्या गोळ्यांच्या रूपात बी तो साठवतं, आणि रुजताना फायटेज हे एन्झाइम तो फोडून कोंबाला स्फुरद देतं. डेऱ्यात बियाणं ठेवणाऱ्या आजीला हे नाव माहीत नव्हतं, पण मोड आल्यावर उसळ पचायला हलकी होते हे माहीत होतं. तीही ह्याच गावातली गोष्ट.

माणसाच्या आतड्यात फायटेज जवळजवळ नाही. आयपी६ लोह आणि जस्त धरून ठेवतो, म्हणून ते अंगाला कमी लागतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी तो कमी होतो. कोंबडीचीही तीच अडचण, म्हणून कुक्कुटखाद्यात फायटेज घालतात. गाई-म्हशींच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव मात्र तो फोडतात; ढेप खाऊन म्हैस दूध देते त्यात त्यांचाही हातभार. मोबाइलवर 'फायटिक आम्ल विष आहे, डाळी सोडा' असे निरोप फिरतात, ते पुढं पाठवू नका. डाळ भिजवा आणि खा.

पण आयपी६ ला नुसतं कोठार समजू नका. पेशीत तो कामाचाही आहे. वनस्पतीत ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक ज्या टीआयआर१ प्रथिनावर बसतं, त्याची स्फटिकरचना २००७ मध्ये निघाली, आणि तिच्या पोटात आयपी६ बसलेला दिसला. त्याच्याही पुढं, भरलेल्या पायावर आणखी एक फॉस्फेट चढतो: शेपटीवर दुसरा वाटाणा लावा, आयपी७ झाला, १ वर आणखी लावा, आयपी८. वनस्पतीला आपल्याजवळ स्फुरद पुरेसा आहे की नाही हे ह्याच रेणूंवरून कळतं. पुरेसा असेल तेव्हा ते एसपीएक्स प्रथिनाला पकडतात, आणि उपासमारीची जनुकं गप्प राहतात. आपल्या काळ्या मातीत चुन्यामुळं स्फुरद अडकून बसतो, पोतं टाकूनही मुळाला मिळत नाही. ह्या विषयात पुढं पीएच.डी. करायचा विचार असेल तर प्रश्न धुऱ्यावर पडलेला आहे.

७. प्राण्याची आकृती वनस्पतीत चिकटवू नका

हा खड्डा वनस्पतिशास्त्रवाल्यांसाठी. प्राण्यांच्या पेशीत सापडतो तसा आयपी३ रिसेप्टर जमिनीवरच्या वनस्पतींच्या जनुकांत सापडलेला नाही. वनस्पतीत पीएलसी आहे, पीआयपी२ आहे (फार थोडा), कॅल्शियमचा निरोपही आहे. पण मधलं दार प्राण्यासारखं नाही. पऱ्हाटीच्या पेशीची आकृती काढून त्यात जालिकेवर आयपी३ रिसेप्टर दाखवलात तर मार्क जातात आणि ते योग्यच आहे.

८. तीन सालं लक्षात ठेवा

इतिहासाचा प्रश्न येतो तेव्हा पोरं पानभर लिहितात. तीन सालं पुरतात.

१९५३: मेबल आणि लोवेल होकिन यांनी कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांवर अ‍ॅसिटिलकोलिन टाकलं आणि किरणोत्सारी फॉस्फरस पटलातल्या मेदात शिरताना पाहिला. पुन्हा ग्रंथी, पुन्हा अ‍ॅसिटिलकोलिन.

१९७५: रॉबर्ट मिशेल यांनी मांडलं की ह्या मेदाच्या उलाढालीचा कॅल्शियमशी संबंध असणार.

१९८३: मायकेल बेरिज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आयपी३ पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतो. बेरिज त्याआधी बरीच वर्षं माशीच्या लाळग्रंथींवर काम करत होते. माशीच्या लाळेत आयुष्य घालवणारा माणूस, असं आमच्या वर्गात कोणी म्हटलं की मी गप्प बसते. मला त्या लाळेचं मोल माहीत आहे.

आयपी३ रिसेप्टरचं श्रेय कात्सुहिको मिकोशिबा यांच्या गटाकडं. त्यांनी तो उंदराच्या लहान मेंदूतून ओळखला आणि १९८९ मध्ये त्याची जनुकरचना काढली.

९. घरी कुणाला तरी सांगून बघा

ही शेवटची पायरी, आणि इथं तुमचं खरं पितळ उघडं पडतं. आरशापुढं बोलू नका, आरसा प्रश्न विचारत नाही.

मी मोठेबाबांनाच सांगितलं. अंगणात, हरभऱ्याचं कासव पाटावर ठेवून. घंटी, कासव, दार, धरण, लाळ. अ‍ॅट्रोपिननं घंटी झाकली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कासवाची शेपटी बोटानं हलवून पाहिली आणि विचारलं,

"मंग लाय बंद झाली, घाम बंद झाला, हे समजलं. पण माये हात-पाय दोन दिवस फडफडत होते थे काहून? थ्या सुईनं थे काहून नाही थांबलं?"

मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते म्हणाले आणि रात्री पुस्तक काढलं.

उत्तर असं. हाता-पायांच्या स्नायूंवरही अ‍ॅसिटिलकोलिनच येतं, पण तिथला रिसेप्टर निराळा, निकोटिनिक जातीचा. तो घंटी वाजवत नाही, तो स्वतःच दार आहे. अ‍ॅसिटिलकोलिन बसलं की थेट सोडियम आत. मध्ये जी-क्यू नाही, पीएलसी नाही, कासव नाही. पुढं स्नायूतलं कॅल्शियम सुटतं तेही रायनोडिन रिसेप्टरमधून, आयपी३ च्या दारातून नाही. अ‍ॅट्रोपिन एम-जातीचे रिसेप्टर झाकतं, ह्या दाराला ते हातच लावत नाही. त्यासाठी डॉक्टर पॅम देतात, जे विषानं बंद पाडलेलं कोलिनएस्टरेज सोडवायचा प्रयत्न करतं. आणि हृदयावर अ‍ॅसिटिलकोलिनचा रिसेप्टर एम२. तिथं अ‍ॅट्रोपिन चालतं, पण वाट जी-आय ह्या दुसऱ्या जी-प्रथिनाची, आयपी३ ची नाही. निरोप्या एक, घरं तीन, आणि कासव फक्त एकाच घरात.

दुसऱ्या दिवशी हे त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग पाटावरचा एक हरभरा उचलून तोंडात टाकला.

"आता शेपटी कोणाची आन पाय कोणाचा थे मले इचारू नको," म्हणाले, "पण थे अर्धं औषध अर्ध्याच दुखण्याचं होतं, हे समजलं."

कासवाच्या कडीत पाचच हरभरे उरले होते. मी दुसरा भिजवलेला घेऊन बसवला.